साल फुलला की वाढदिवस

महोदय,

आमच्या घरी राहून काम करणारी ताई झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली, उरांव समाजाची. आधार कार्डावर तिची जन्मतारीख 1 जानेवारी. नुसतं वर्षच माहीत असलं की आधारवर हीच तारीख पडते. म्हणून यंदा त्या दिवशी केक आणायचं ठरवलं, तर ती हसायलाच लागली. म्हणाली, "दीदी, वो तो कागजवाला है." तिची आई सांगायची, सालाचं झाड फुललं, सरहुलचा सण आला, तेव्हा तू झालीस. सरहुल चैत्र शुद्ध तृतीयेला, म्हणजे आमच्याकडे चैत्रगौर बसते त्याच दिवशी!

मग तोच दिवस धरला. औक्षणाला पाटावर बसेना. बसली तीही अर्धवट, उठायच्या बेतात. केक तिने कांद्यासारखा सरासरा चिरला. आंब्याची डाळ, पन्हं आम्ही केलं. पण धुस्के, म्हणजे तिकडचे डाळ-तांदळाचे वडे, तिनेच पहाटे उठून तळले. वाढदिवशीही शेगडीशी तीच. पुढच्या वर्षी त्यापेक्षा भरपगारी रजा आणि रांचीच्या हटिया स्टेशनपर्यंतचं तिकीट द्यावं, असं आता वाटतं.

एक मात्र फार खटकलं. शेजारच्या इमारतीत काम करणाऱ्या तिच्या दोन मैत्रिणींना बोलावलं होतं. नव्या साड्या नेसून, भेटवस्तूची पिशवी घेऊन आल्या. रखवालदाराने त्यांना कामवाल्यांच्या लिफ्टकडे वळवलं. नियम कुणी केला, हे सोसायटीत अजून कुणी सांगितलेलं नाही. लेखी विचारलं आहे.

— एक वाचक, पुणे