नाण्यांना एकगठ्ठा भाव नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गणपतीत चाकरमानी गावाला येतात, बंद घरं उघडतात, माळ्यावरच्या ट्रंका खाली निघतात आणि कुणाच्या तरी पणजोबांची नाण्यांची पिशवी सापडते. हातात चारच दिवस, त्यात भावाभावांत वाटणी, मग कुणीतरी ओळखीचा घेणारा आणतो, तो पिशवी हातात तोलून "सगळ्याचे मिळून इतके" म्हणतो आणि व्यवहार होऊन जातो. आमच्या वाडीत हे होताना बघितलंय आणि फार वाईट वाटतं, म्हणून लिहितोय.

राणीछाप रुपया घ्या. १८३५ ते १९३९ चा कंपनीचा, राणीचा, राजाचा रुपया म्हणजे एक तोळा, ११.६६ ग्रॅम, त्यात शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम. चांदी ग्रॅमला १०० रुपये धरली (हिशोबापुरती, खरा भाव त्या दिवशीच्या पेपरात बघा) तर नुसत्या मोडीत १०६९ रुपये होतात, घासलेल्या नाण्याचे वजनाप्रमाणे थोडे कमी, पण "घट" म्हणून कुणी पाव भाग कापायला लागला तर सरळ उठायचं. १९४० पासून युद्धाच्या काळात चांदी निम्मी केली, वजन मात्र तेच आणि राजाही तोच सहावा जॉर्ज, मग घेणारा सगळी पिशवीच अर्ध्या चांदीची म्हणून लावतो. म्हणून आधी साल वाचा आणि दोन ढीग करा. १९३९ चा निघाला तर थांबाच, तो दुर्मिळ आहे, पण नकलाही खूप फिरतात, जाणकाराला दाखवल्याशिवाय आकडा बोलू नका.

मोडीचा भाव हा झाला तळ, म्हणजे कमीत कमी किंमत. शिवाजी महाराजांनी सुरू केलेल्या तांब्याच्या शिवराई नाण्याला मोडीत जवळजवळ काहीच मिळत नाही, तिची किंमत अक्षरांवर. पेशवाईतही शिवराया पाडत होते, त्या भरपूर मिळतात आणि स्वस्त जातात, पण एखादी खरंच महाराजांच्या वेळची असू शकते आणि ती किलोवर गेली तर गेलीच की हो! आणि कृपा करून चिंच-मीठ लावून घासू नका, लखलखीत केलेल्या नाण्याला संग्राहक कमी पैसे देतो.

व्यापाऱ्यावरही अन्याय नको. त्याचे पैसे अडकतात, माल वर्ष वर्ष पडून राहतो, त्यामुळे संग्राहक १००० ला घेईल ते नाणं त्याने ६००-७०० ला मागितलं तर माझ्या मते तो रास्त भाव, ३०० म्हणाला तर नाही. मात्र प्रत्येक नाण्याचं साल, धातू आणि दर कागदावर लिहून द्यायलाच हवा, जो देत नाही त्याला विकू नये. मोबाईलवर भोकाच्या पैशाला किंवा वैष्णोदेवीच्या ५ रुपयाला लाखो देतो म्हणणारे आधी फी मागतात, रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच सावध केलंय की अशा खरेदी-विक्रीशी आपला संबंध नाही.

माझी विनंती इतकीच की तालुक्याच्या वाचनालयांनी गणपतीच्या सुट्टीत एक दिवस जागा द्यावी, आसपासच्या नाणेसंग्राहकांनी तिथे बसून लोकांना नाणं काय आहे ते फक्त सांगावं, त्या दिवशी खरेदी अजिबात नको. कुठलंही वाचनालय तयार असेल तर वजनकाटा आणि भिंग घेऊन मी येतो.

आपला,
एक वाचक, दापोली