जुनैद ‘जाऊ नकोस’ म्हणाले नव्हते

संपादक महोदय,

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात एका वाचकांचे पत्र होते. सूफींना हज यात्रा मान्यच नव्हती, देव मनात असताना मक्केला कशाला जायचे असे ते म्हणत, असा त्यातला सूर. वाचून राहवले नाही. मी एस.टी.चा निवृत्त वाहक. २०१४ साली हजला जाऊन आलो.

लाहोरला ज्यांची कबर आहे त्या सूफी हुजवेरींनी अकराव्या शतकात ‘कश्फ-उल-महजूब’ हा फारसी ग्रंथ लिहिला. त्यात बगदादचे सूफी जुनैद यांची गोष्ट आहे. हजहून परतलेला एक माणूस त्यांना भेटतो. जुनैद विचारतात, घर सोडलेस तेव्हा पापेही सोडून निघालास का? नाही. मग तू निघालाच नाहीस. वाटेत जिथे जिथे मुक्काम केलास, तिथे देवाच्या वाटेवरचा एखादा मुक्काम गाठलास का? तेही नाही. इहराम, म्हणजे हजची बिनशिवणीची वस्त्रे, बांधताना अंगावरच्या कपड्यांसोबत स्वभाव उतरवलास? मक्केतल्या सफा-मरवा टेकड्यांमधल्या फेऱ्यांत ‘सफा’ (निर्मळपणा) आणि ‘मुरुव्वत’ (माणुसकी) हाती लागली? मक्केजवळच्या मिनात सैतानाला म्हणून खडे मारलेस, तेव्हा मनातली घाणही फेकलीस?

यातले निम्मे शब्द आपल्याच घरातले आहेत. मकाम म्हणजे थांबण्याची जागा, त्याचा मुक्काम झाला, सफाचे साफ, मुरुव्वतची भीडमुर्वत. मुक्कामाच्या गाडीवर मी शेकड्याने रात्री काढल्या, पण हा शब्द कुठून आला हे ती गोष्ट वाचेपर्यंत ठाऊक नव्हते.

बिचारा प्रत्येक वेळी ‘नाही’ म्हणतो. शेवटी जुनैद म्हणतात, तुझा हज झालाच नाही. परत जा आणि मी सांगितला तसा कर, म्हणजे पैगंबर इब्राहीमच्या मकामाला पोचशील. ‘परत जा’, महोदय! ‘जायची गरज नाही’ नव्हे. त्या वाचकांनी नेमके हेच उलटे केले. सूफींनी यात्रा स्वस्त केली नाही, उलट भाडे वाढवले.

आता माझे सांगतो. आमच्याकडे हजला निघण्याआधी घरोघर जाऊन ‘कहासुना माफ करा’ म्हणायची रीत आहे. मी सगळी आळी फिरलो, जुन्या डेपोतसुद्धा जाऊन आलो. थोरल्या भावाचे घर तेवढे सोडले. कलमांच्या बागेतल्या बांधावरून आमचे बोलणे बंद होते. म्हणजे जुनैद यांच्या पहिल्याच प्रश्नात मी नापास.

मिनाजवळच्या मुझदलिफाला रात्री उघड्यावर बसून बॅटरीच्या उजेडात हरभऱ्याएवढे खडे वेचले. सोबतच्यांनी सांगितले म्हणून सत्तर घेतले. आम्ही हजच्या महिन्याच्या बाराव्या तारखेलाच मिना सोडले, त्यामुळे एकोणपन्नासच लागले: पहिल्या दिवशी सात, पुढचे दोन दिवस एकवीस-एकवीस. बाकीचे तिथेच टाकले. घरी येऊन बॅग झटकली तर शिवणीत एक खडा अडकलेला. चिमटीत धरला आणि आठवले की सैतानाच्या नावाच्या भिंतीवर खडे मारताना तोंडाने ‘अल्लाहु अकबर’ चालले होते आणि डोक्यात बांध. सैतान समोरच्या भिंतीत नव्हता हे मला तिथे कळायला हवे होते.

लोक हार घेऊन आले, ‘हाजीसाहेब’ म्हणू लागले. खरे सांगतो, बरे वाटत होते.

भावाच्या अंगणात पाय ठेवायला त्यानंतर तीन वर्षे लागली. आमच्या दारापासून चाळीस पावले. तो खुर्चीतून उठला नाही. म्हणाला, “मक्केला जाऊन आलास, मग इथे यायला एवढा वेळ?” वहिनींनी चहा ठेवला.

बांधाचा वाद अजून मिटलेला नाही. मोजणीचा अर्ज दोघांनी मिळून केला आहे.

आपला,
एक निवृत्त वाहक, चिपळूण तालुका