पहाटे तीन वाजता तुम्ही वाचून दिलेलं कॉन्ट्रॅक्ट

प्रिय ताई,

हे पत्र मी दोन वर्षांपूर्वीच लिहायला हवं होतं. तेव्हा फोनवर ‘थँक्यू’ म्हटलं आणि सामानाच्या बांधाबांधीला लागले. आता चार कॉन्ट्रॅक्ट्स पुरी झाली, आणि तुम्ही त्या रात्री मला कशातून वाचवलंत ते नीट कळतंय. सगळ्यांसमोर लिहितेय, कारण अमेरिकेत ट्रॅव्हल नर्सिंगला, म्हणजे एजन्सीमार्फत काही आठवड्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर वेगवेगळ्या हॉस्पिटलांत काम करायला, निघालेल्या आपल्यातल्या आणखी कुणाला तरी हे उपयोगी पडेल.

तुम्हाला आठवत असेल, टेक्सासमधल्या आपल्या युनिटवर त्या माझ्या शेवटच्या काही नाइट होत्या. ॲरिझोनामधलं 13 आठवड्यांचं काम, आठवड्याला 36 तास, आणि हातात दोन एजन्सींच्या ऑफर. एक आठवड्याला 2300 डॉलरची, दुसरी 2150 ची. पहिल्या एजन्सीचा रिक्रुटर दिवसातून चार मेसेज करायचा: संध्याकाळपर्यंत सही करा, नाहीतर जागा जाईल. मी सही करणारच होते. पहाटे तीनला ब्रेक रूममध्ये तुम्ही माझा फोन मागून घेतलात, रिपोर्ट शीटची मागची बाजू समोर ओढलीत आणि दोन्ही आकडे फोडून लिहिलेत.

2300 मध्ये तासाचा करपात्र दर होता फक्त 20 डॉलर, म्हणजे आठवड्याचे 720. उरलेले 1580 राहण्या-जेवणाचा स्टायपेंड, म्हणजे करमुक्त भत्ता. 2150 मध्ये दर 32, म्हणजे 1152, आणि स्टायपेंड 998. ओव्हरटाइम एकात तासाला 30 लिहिलेला, दुसऱ्यात 48. सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे तिथल्या सरकारी पेन्शनचा, हिशेब करपात्र पगारावरच होतो, हेही तुम्हीच सांगितलंत. तोवर मी फक्त वरचा आकडा बघत होते.

मग एका ओळीखाली तुम्ही पेनाने दोनदा रेघ मारलीत. पहिल्या कॉन्ट्रॅक्टमध्ये तासांची हमीच नव्हती. पेशंट कमी म्हणून हॉस्पिटलने एक शिफ्ट रद्द केली, तर पगार आणि स्टायपेंड दोन्ही कापले जाणार, म्हणजे त्या आठवड्याचे साडेसातशेहून जास्त डॉलर गेले. आठवड्याच्या जास्तीच्या दीडशेतून ते भरून काढायला पाचहून जास्त आठवडे लागले असते.

आणि मग तुम्ही विचारलंत, ‘तुझ्या अपार्टमेंटचं काय करणार आहेस?’ मी म्हटलं, लीज सोडतेय, सामान स्टोरेजमध्ये टाकतेय. तुम्ही पेन खाली ठेवलंत. कायमचं घर सोडलं, त्याचा खर्च थांबला, की ‘टॅक्स होम’, म्हणजे कराच्या हिशेबात तुमचं कायमचं ठिकाण, राहत नाही. आणि टॅक्स होम नसेल तर तो स्टायपेंडही करपात्र ठरतो. एकाच भागात वर्षाहून जास्त काळ काम करणार असाल, तरी ही सवलत जाते. माझ्या रिक्रुटरने हा प्रश्न मला एकदाही विचारला नव्हता. मला अजूनही त्याचा राग आहे. त्याला हे ठाऊक नव्हतं असं मला वाटत नाही.

तुम्ही मात्र ‘ही घे, ती सोड’ असं म्हणाला नाहीत. दोघांना तेच प्रश्न विचार म्हणालात: तासांची हमी आहे का? फ्लोट करायला, म्हणजे दुसऱ्या युनिटवर काम करायला लावलं, तर कुठल्या युनिटवर? काही क्लिनिकल प्रसंग ओढवला तर एजन्सीत बोलायला नर्स आहे का? एजन्सीला जॉइंट कमिशनचं, म्हणजे आरोग्यसेवेचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेचं, सर्टिफिकेशन आहे का? रविवारी रात्री फोन कोण उचलतं? आणि मला न विचारता माझं प्रोफाइल कुठे पाठवणार नाही ना?

पहिला म्हणाला, ‘हे सगळं स्टँडर्ड असतं, काळजी करू नका.’ शेवटच्या प्रश्नावर कळलं की प्रोफाइल आधीच दोन हॉस्पिटलांना गेलंय. दुसरी म्हणाली, ‘फ्लोटिंगचं मला माहीत नाही, उद्या विचारून सांगते.’ दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला, आणि उत्तर कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहूनही आलं. ‘मला माहीत नाही’ म्हणणाऱ्या माणसावर भरवसा ठेवायचा, हे मी तेव्हा शिकले. आजही तीच माझी रिक्रुटर आहे. मी लीज ठेवली. सहाव्या आठवड्यात माझी शिफ्ट रद्द झाली, तेव्हा पूर्ण 36 तासांचे पैसे मिळाले.

ताई, एक गोष्ट मी तुम्हाला कधी बोलले नाही. त्या रात्री तुमच्याकडे दोन नवीन ॲडमिशन होत्या. सकाळी साडेसातला हँडओव्हर देऊन मी निघाले, तेव्हा तुम्ही कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर चार्टिंग करत, पेशंटच्या नोंदी लिहीत बसला होतात. माझ्यासाठी दिलेला तो पाऊण तास तुम्ही ड्यूटी संपल्यावर भरून काढत होतात. मी नुसता हात केला आणि लिफ्टमध्ये शिरले.

त्या पाऊण तासाबद्दल, ताई, मनापासून आभार.

तुमची,
नाइट शिफ्टवरची धाकटी बहीण