माउईच्या त्या होडीतल्या सगळ्यांना

फेब्रुवारीत हवाईच्या माउई बेटावर, वायलेआच्या किनाऱ्यावरून शिडाच्या पारंपरिक होडीतून आम्ही सहा जण निघालो. नावं विचारायची राहूनच गेली, म्हणून हे जाहीर आभार.

आधी सुकाणूवरच्या दादांचे. होडीच्या बाजूला दोन आडव्या दांड्यांना बांधलेला तरंगता ओंडका बघून आई ओरडली, "अगो, ही तर आपली उलांडी!" आम्ही मालवणचे. ते त्याला 'आमा' म्हणतात. दादांना याचं भारी कौतुक. मग १९७६ साली मायक्रोनेशियातले नाविक माऊ पियाइलुग यांनी 'होकुलेआ' ही शिडाची होडी हवाईहून होकायंत्राशिवाय, तारे आणि लाटा वाचत ताहितीला कशी नेली, ते त्यांनी आईला रंगवून सांगितलं. इंग्रजी तिला निम्मंच कळलं, पण लाटांचं सगळं कळलं.

पाण्यात उतरल्यावर मास्कमध्ये पाणी शिरलं आणि आई घाबरली. मी तर तिच्याहून जास्त. सोबतच्या मुलीने शांतपणे मास्कखाली अडकलेली केसांची बट बाजूला केली, बस्स! नंतर पाऊण तास तिने आईचा हात सोडला नाही. खालून कासव गेलं तेव्हा लांबूनच बघायचं, हेही तिनेच खुणेने सांगितलं. पाण्याखाली देवमाशांचं गाणं ऐकू येत होतं. आईला आधी वाटलं, आपल्याच पोटात गुडगुडतंय.

परतताना ती कुडकुडायला लागली, तेव्हा स्वतःचा कोरडा टॉवेल देणाऱ्या आजोबा, तुमचेही आभार. टॉवेल चुकून आमच्याच पिशवीत आलाय.