अण्णा, कांदा फेकून दिलात म्हणून

आदरणीय अण्णा,
सादर नमस्कार.

घरी येऊन आभार मानले तर "चहा घ्या आधी" म्हणत तुम्ही विषयच बदललात. म्हणून हे चारचौघांत लिहितोय. विश्रामबागेतल्या बाकीच्या कुत्री-मांजरंवाल्यांच्याही कामाला येईल.

एप्रिलमधली ती दुपार. लाईट गेलेली. आमचा मोती झोकांड्या खात अंगणात आला आणि आडवाच झाला. जीभ लालभडक, तोंडातून चिकट लाळ, धाप थांबेना. गल्ली गोळा झाली आणि ज्यानं त्यानं आपापला उन्हाळी इलाज काढला. एकानं कांदा ठेचून आणला, वहिनींनी भिजवलेल्या मनुकांचं पाणी, कुणी ओलं गोणपाट. ऊन लागलं की माणसाला आपण हेच करतो की! तुम्ही आलात, कांदा गटारात भिरकावलात आणि मनुकांची वाटी वहिनींच्या हातात परत दिलीत. (त्या दोन दिवस रुसल्या होत्या, आता ठीक आहेत.)

कांद्यानं कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात, द्राक्ष-मनुका-बेदाण्यानं मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. तासगावचा बेदाणा डब्यात कायम असलेल्या घरांना हे माहीत नको का? तापाची गोळी आणायला मेडिकलकडे धावलेल्या पोरालाही तुम्हीच हाक मारून थांबवलंत. पॅरासिटामॉल कुत्र्याला घातक, मांजराला तर एक गोळीही जीवघेणी.

थर्मामीटरवर १०६ दिसले तेव्हा आमचे हातपाय गळाले. तुम्ही शांतपणे सांगितलंत की कुत्र्याचं नेहमीचं तापमानच १०१ ते १०२.५ असतं, घाम जेमतेम पंज्यांच्या गादीला येतो, बाकी सगळी भिस्त धापेवर. म्हणून पोट, जांघा, पंजे यांवर साधं नळाचं पाणी ओतत राहायचं आणि वारा घालायचा. वीज नव्हती, तर वर्तमानपत्र हातात दिलंत. गोणपाट अंगावर टाकू दिलं नाहीत, कारण त्याखाली उष्णता कोंडते. तोंडात पाणी ओतू दिलं नाहीत, कारण ते फुप्फुसात जातं. पारा १०३ वर येताच पाणी बंद, नाहीतर अंग नको तितकं गार पडतं.

मोती उठून शेपूट हलवायला लागला, तरी तुम्ही रिक्षा बोलावलीतच. मूत्रपिंडांचा त्रास एक-दोन दिवसांनीही डोकं वर काढतो, म्हणालात. डॉक्टरांनी सलाईन लावलं, रक्त तपासलं आणि तेच सांगितलं. जन्मभर गुरांच्या दवाखान्यात गाई-म्हशी पाहिलेला माणूस एका गावठी कुत्र्यासाठी भर उन्हात चप्पल न घालता धावतो, याचं मोल आम्ही काय करणार?

आता मोतीला पहाटे नाहीतर दिवेलागणीनंतरच फिरवतो. डांबरावर आधी हाताची मागची बाजू टेकवून बघतो, चटका बसला तर घरी परत.

तुमचा थर्मामीटर आमच्याकडेच राहिलाय. तो आता माणसाला लावण्याजोगा नाही, तेव्हा नवा पाठवतोय. पैसे विचारू नका.

तुमचाच,
मोतीचा मालक