कोंबडा लावायचा म्हणतेस तर

सोलापूर,
कोजागिरीनंतरचा रविवार

प्रिय मंगल,

या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची आहे. आत्ताच मोटर चालू करून आले. दीड-दोन तास काही झोपता येणार नाही, तेव्हा म्हटलं कोंबड्याच्या फुलाच्या लागवडीचे तुझे प्रश्न एकदाचे निकालात काढावेत. फोनवर तू विचारतेस एक, मी सांगत सुटते दुसरंच, आणि शेवटी गाडी तुझ्या लेकीच्या स्थळांवर येऊन थांबते.

गेल्या दिवाळीत दिलेली कोंबड्याच्या वाळल्या तुऱ्यांची जुडी अजून शोकेसवर लालच आहे म्हणालीस. अगं, याचा रंग बिटाच्या जातीचा. काश्मिरात या वाळल्या फुलांना मवल म्हणतात आणि त्यांचं लाल पाणी काढून रोगन जोशला रंग आणतात. आपल्याकडे कुणाच्या स्वयंपाकात ते आलं नाही, आपण फक्त देवाला वाहिलं.

आता एक कबुली. लग्न होऊन इथे आल्यापासून वीस वर्षं मी या फुलाचा सख्खा भाऊ खुरपून बांधावर फेकत होते. कुरडू. तुरीत, बाजरीत, जिथे बघशील तिथे. सासूबाई मात्र पहिल्या खुरपणीला कोवळा पाला ओट्यात वेगळा धरायच्या आणि रात्री लसूण, भिजवलेली मूगडाळ घालून भाजी करायच्या. तुरा आला की पाला चरबट लागतो, मग त्याची किंमत शून्य. म्हणजे मला तरी तसंच वाटायचं. एकदा भाद्रपद अमावास्येच्या आदल्या दिवशी सोलापुरातल्या पूर्व भागातल्या एक तेलुगू वहिनी दोन पिशव्या घेऊन बांधावर आल्या आणि म्हणाल्या, तुमची गुनुगु नेऊ का? बतुकम्मासाठी. म्हणजे त्यांचा फुलांचा सण, आणि गुनुगु म्हणजे आपला कुरडूच. मी म्हटलं न्या, उलट माझी मजुरी वाचली. चार दिवसांनी त्यांच्याकडे गेले तर ताटात माझं तण थरावर थर रचून उभं. पांढरे तुरे गुलाबी, निळ्या रंगांत बुडवलेले, मधल्या थरात तरवडाची पिवळी फुलं. बायका भोवती फेर धरून टाळ्या वाजवताहेत. मला जरा लाजच वाटली. त्याच वर्षी मी कोंबड्याचं बी मागवलं.

दोन्हींचं कुळ एकच, माठ-राजगिऱ्याचं. फरक शेंड्यात. कुरडूचा शेंडा एका टोकातून वर चढतो, म्हणून त्याची निमुळती शेंडी होते. कोंबड्यात ते टोक टोकच राहत नाही, रेघ होऊन आडवं पसरतं. रेघेला जागा पुरेना की ती दुमडते, मग पुन्हा दुमडते. उन्हात एखादा तुरा डोळ्यांजवळ धरून बघ. वरच्या कडेला मखमल, मध्ये वळ्यावर वळ्या, आणि खाली देठाजवळ बारीक बारीक खरी फुलं, ज्यांच्यात पुढे काळं चकचकीत बी भरतं. आपण ज्याला फूल म्हणून विकतो तो बराचसा नुसता डौल आहे.

बी फार बारीक, एका ग्रॅमला हजारावर भरतं. प्रो-ट्रेमध्ये, म्हणजे रोपांच्या खणाखणांच्या ट्रेमध्ये, ओल्या कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याच्या भुशावर) टाकायचं आणि वरून इतकंच झाकायचं की झाकलंय की नाही असा संशय यावा. उबेत आठ-दहा दिवसांत उगवतं. पाणी फवाऱ्याने, तेही सकाळी. पहिल्या वर्षी मी मायेने संध्याकाळी पाणी घालत होते, तर रोपं बुडातून कोलमडली, पाव हिस्सा ट्रे रिकामे झाले. तो लहान तोटा. मोठा पुढे आहे.

रोपं महिन्याची झाली, चार पानांवर आली, आणि नेमकी आमची मोटर जळाली. तिचं वायंडिंग भरून येईपर्यंत, पाऊस पडेपर्यंत पंधरा दिवस गेले. ट्रेमध्ये रोपं दिसायला छान हिरवी होती म्हणून मी निर्धास्त. लावल्यावर आठवड्याने सासूबाईंनी बांधावरून हाक मारली, ‘अगं ये, तुझी पिल्लं आत्ताच आरवायला लागली.’ जाऊन बघते तर वीतभर झाड आणि डोक्यावर अंगठ्याएवढा कोंबडा. सगळा प्लॉट तसाच. खत घातलं, पाणी वाढवलं, काही उपयोग नाही. या झाडाची मुळं ट्रेमध्ये गुंडाळली गेली, पाण्याचा ताण पडला किंवा गारठा लागला की ते घाबरतं आणि वाढायचं सोडून फुलतं. एकदा शेंड्यात फूल धरलं की उंची तिथेच संपली. म्हणून सांगते, चार आठवड्यांच्या आत लाव, पाचव्यात जाऊ देऊ नकोस. रान आधी तयार हवं, बी नंतर भिजवायचं. मी उलटं केलं होतं.

आणि मंगल, पैसा दांड्याला आहे. तुरा कितीही देखणा असो, दांडा दोन-अडीच फूट नसेल तर गुच्छवाला हातात घेत नाही. दांडा ठरतो पेरणीच्या तारखेवर. दिवस लहान व्हायला लागले की कोंबडा फुलायची घाई करतो, त्यामुळे घटस्थापनेला पेरलेला माझा प्लॉट गुडघ्याच्याही खालीच राहिला. मेअखेर पेरलेला माझ्या कमरेला लागला, पण तुरे भरले ते ऐन सप्टेंबरात, आणि आमच्याकडे सर्वांत जास्त पाऊस तेव्हाच. वळ्यांमध्ये पाणी साठलं, वरून बरे दिसणारे तुरे आतून काळे पडले. शेवटी मी आषाढी धरली. इकडे पालख्या पंढरपुरात पोचल्या की तिकडे माझं बी ट्रेमध्ये. तीन महिन्यांत, म्हणजे दसऱ्याच्या आगेमागे तुरा हातात. पाऊस ओसरलेला, फुलाला गिऱ्हाईक, आणि वाळवायला कोरडी हवा.

अंतर म्हणशील तर जातीवर आहे. एकाच दांड्याची जात असेल तर चार ते सहा इंचांवर लाव आणि शेंडा अजिबात खुडू नकोस. दाटीने तुरा लहान राहतो, पण दांडा सरळ आणि सडसडीत होतो, गुच्छात तोच चालतो. फुटव्यांच्या जातीला फूटभर जागा दे, शेंडा एकदा खुड, म्हणजे एका झाडाला पाच-सहा दांडे मिळतील. परदेशी बियाण्यात एकदांडी जातींच्या एका मालिकेचं नाव काय असावं? बॉम्बे! आपण १९९५ला मुंबई करून बसलो, पाकिटावर अजून बॉम्बेच आहे. घरचं बी धरलंस तरी चालतं, फक्त सगळी भावंडं एकसारखी निघत नाहीत. काही पंख्यासारखी रुंद, काही नुसती शेंडी. मला ती खोडी आवडते, व्यापाऱ्याला नाही.

शेणखत बेताचं घाल. युरियाचा हात सैल सोडलास तर दांडे मनगटासारखे होतात, चिरतात, आणि तुरा एवढा जड की वाऱ्याला झाड आडवं. जमिनीपासून फूटभर उंचीवर एक जाळी ताणून घे, झाडं वाढली की वर दुसरी. पाणी ठिबकने, तुऱ्यावर थेंब नको. लाल कोळी ही बारीक कीड येते, कोरड्या हवेत पानाखाली बघत जा. मावाही येतो, पण त्याने माझी झोप कधी उडवली नाही.

झोप उडवली बाजाराने. पहिली चांगली तोडणी मी मोठ्या कौतुकाने दहा-दहा दांड्यांच्या जुड्या बांधून, कागदात गुंडाळून पाठवली. अडत्याचा फोन आला, ‘ताई, माल सुटा करून किलोवर टाकला.’ म्हणजे काय? म्हणजे त्यांनी दांडे छाटले आणि नुसते तुरे हारासाठी पाटीत ओतले, झेंडूच्या शेजारी. तीन महिने ज्या दांड्यासाठी जपलं तो त्यांच्या गाळ्यापुढे कचऱ्यात पडला होता. त्यांचं तरी काय चुकलं म्हणा, त्यांच्या गाळ्यावर कोंबडा हारात ओवायचं फूल म्हणूनच येतो. मी न विचारता पाठवला. आता मी आधी सजावटवाल्यांशी बोलते, किती दांडे, किती उंच, कोणत्या दिवशी, आणि तेवढेच ताजे कापते. राहिलेला सगळा माल वाळवायचा. दसऱ्याच्या संध्याकाळी उरलेल्या झेंडूचं काय होतं ते तू दादरच्या फुलबाजारात बघतेसच. कोंबडा त्या संध्याकाळला घाबरत नाही, आणि मी याच्यात टिकले ती एवढ्याचसाठी.

कापायचं कधी हे मात्र डोळ्याला शिकवावं लागतं. तुरा पूर्ण पसरलेला हवा, आणि खालचं बी अजून सुटलेलं नको. मी तुरा तळहातावर हलकेच आपटते. काळे दाणे पडले की उशीर झाला, तो दांडा बियाण्याला ठेवायचा. तुऱ्याखालची मानही दाबून बघ. लवली की अजून दोन-चार दिवस थांब, नाहीतर पाण्यात ठेवल्यावर मान टाकेल. सकाळी दव सुकल्यावर काप आणि वरची दोन-तीन सोडून सगळी पानं तिथेच ओरबाड. फुलदाणीत आधी पानंच मरतात आणि पाणी नासवतात. एक दिवसाआड पाणी बदललंस तर आठ-दहा दिवस बिनतक्रार राहतो.

वाळवायचे दांडे असतील तर एकही पान ठेवू नकोस. आमची जुनी माळवदाची खोली आठवते ना, जिथे तू उन्हाळ्यात झोपायचीस? अंधारी, कोरडी, झरोक्यातून वारा. तिच्या तुळयांना दोऱ्या बांधून मी जुड्या उलट्या टांगते, पाच-सहा दांड्यांची एक, तुरे एकमेकांना चिकटणार नाहीत अशा खाली-वर. सुतळीने बांधू नकोस. वाळताना दांडा आकसतो, गाठ सैल पडते आणि मध्यरात्री जुडी धपकन खाली. मांजर म्हणून मी दोनदा काठी घेऊन उठले. रबर लाव, ते दांड्याबरोबर आकसतं. खाली जुनी साडी अंथर, कारण कितीही जपलं तरी बी गळतंच, आणि तेच पुढच्या वर्षाचं बियाणं. उन्हात टांगलास तर आठवड्यात विटकरी होईल.

दोन-तीन आठवडे लागतात. दांडा काटकन मोडला म्हणजे वाळला असं मी धरायचे, तिथेही फसले. जाड तुरा बाहेरून कुरकुरीत होतो आणि वळीच्या पोटात ओल धरून बसतो. वळ्या बोटांनी जरा उलगडून आत दाबून बघ, गार लागलं तर पुन्हा टांग. एक वर्ष न बघता खोक्यात भरले, तर महिन्याने उघडल्यावर आत पांढरी बुरशी आणि कुबट वास. चाळीस जुड्या बंबात गेल्या.

आता तुझ्या अलिबागच्या दहा गुंठ्यांचं. तुझ्याकडे पावसात मोकळ्यावर लावशील तर तुरा कुजेल, आणि पावसाळ्यानंतर लावशील तर बुटका राहील. म्हणून तू फेब्रुवारीच्या मध्याला बी टाक. थंडी सरलेली असते, दिवस वाढत असतात, आणि वळवाच्या आधी, मेच्या मध्यापर्यंत तुझं कापून व्हायला हवं. पाण्याला मात्र कसूर नको. वाळवण उन्हाळ्यातच संपव आणि पहिल्या पावसाआधी घट्ट झाकणाच्या डब्यांत बंद कर, समुद्राच्या दमट हवेत वाळलेला तुरा पुन्हा मऊ पडतो. दहा गुंठ्यांचा विचार सोड. पहिल्या वर्षी एकच गुंठा लाव, उरलेल्यात जे लावतेस तेच लाव. भावजींना सांग, मी म्हणाले म्हणून.

सासूबाई आता शेतावर येत नाहीत. पण परवा एक मोठा किरमिजी तुरा त्यांच्या हातात दिला, तर कितीतरी वेळ त्यावरून बोट फिरवत बसल्या. मग म्हणाल्या, ‘याची भाजी होते का गं?’ मी म्हटलं, पाला कोवळा असेल तर होते की. तर म्हणे, ‘मग वाया काहीच नाही.’ उद्या थोडा कोवळा पाला आणून द्यायचं मी कबूल केलंय.

मोटरचा आवाज बदलला, पाणी ओढेनासं झालं बहुतेक. उठते. पत्रासोबत बियांची पुडी ठेवली आहे, किरमिजी आणि पिवळा एकत्रच आहे, वेगळं करत बसले नाही. उघडताना पंखा बंद कर.

तुझीच,
शैला