वाचनालयातल्या बालविभागाच्या ताईंना जाहीर आभारपत्र

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

गेल्या पावसाळ्यात आपण माझ्या मुलीच्या हाती जे चित्रपुस्तक दिलेत, त्याबद्दल आपले जाहीर आभार मानावेत, असे बरेच दिवस मनात होते.

सांगलीत पावसाची झड लागली की घरोघरी पहिला प्रश्न निघतो तो "आयर्विनला किती फूट झालं?" हाच. कृष्णेवरच्या या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी मोजतात. 40 फुटांना इशारा आणि 45 फुटांना धोका, हे इथल्या लहान मुलांनाही पाठ असते. 2019 साली कृष्णेचे पाणी 57 फुटांच्या वर गेले तेव्हा माझी मुलगी जन्मलीही नव्हती. तरीही कोयना धरणातून विसर्ग वाढवल्याची बातमी कानावर पडली, की ती आपले दप्तर कपाटावर ठेवायला लावी आणि शेजारची तिची मैत्रीण पाणी आल्यावर कुठे जाईल, हे पुन्हा पुन्हा विचारत राही. "काही होणार नाही" या उत्तराने तिचे समाधान होत नसे, कारण या गावात पाणी येते, हे तिला पक्के ठाऊक होते.

आपण दिलेल्या पुस्तकातले कासव असे खोटे आश्वासन देत नाही. वाऱ्याने फांदी मोडेल या काळजीने खार बेचैन होते, तेव्हा ते तिच्याजवळ बसते आणि "मोडली तर आपण काय करू?" एवढेच विचारते. चित्रकाराने काळजीचा करडा रंग पानागणिक वाढवत नेला आहे. मधल्या जोडपानावर तर एकही शब्द नाही, सगळे करडे आणि त्यात खारीचे दोन डोळे. शेवटच्या पानावरही तो रंग पुरता जात नाही, एका कोपऱ्यात उरतोच. मला या पुस्तकाचे सर्वांत मोठे मोल तिथे वाटते.

त्या जोडपानावर आपण वाचन थांबवलेत आणि पान उलटण्याची घाई केली नाहीत. मुलीने त्या करड्या रंगावर बोट ठेवून "हे पाणी आहे" म्हटले, तेव्हा तिची चूक न काढता आपण "मग खारीने कुठं जायचं?" असे विचारलेत. 2019 मध्ये शहरातल्या वाचनालयांची हजारो पुस्तके भिजलेली आपण पाहिली आहेत, त्यामुळे तिची भीती आपल्याला पोरकट वाटली नसावी.

भीती अजून आहे. मात्र पाणी आलेच तर दोघींनी मिळून विश्रामबागला मावशीकडे जायचे, असे तिने आणि मैत्रिणीने परस्पर ठरवून टाकले आहे, आणि मावशीलाही तसे कळवले आहे.

वाचनालयातल्या प्रतीची शिवण सैल झाली आहे. तिच्या जोडीला एक नवी प्रत आम्ही पुढच्या शनिवारी घेऊन येत आहोत. तिचा स्वीकार व्हावा, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
एक पालक, गावभाग, सांगली